घराची बाहेरची भिंत धुण्याआधी हे वाचा : पहिले भिंत ओळखा, मग डाग, मग उपाय

सावंगी (मेघे) : पावसाळा उतरला की गावोगावी दिवाळीच्या साफसफाईची गडबड सुरू होते. आतलं घर बाया-माणसं काळजीनं झाडतात, पुसतात. बाहेरच्या भिंतीला मात्र मोटरचा पाईप लावला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आता तर गाड्या धुण्याची प्रेशर मशीन घरासाठीही वापरतात. कोणी ॲसिडची बाटली आणतो. पण एकाच गल्लीत एक घर मातीचं, दुसरं चुन्याचं आणि तिसरं प्लास्टिक पेंटचं असतं. एका भिंतीला जो उपाय मानवतो तो दुसरीची छपाई उखडून टाकतो. मग धुण्यात वाचवलेले पैसे मिस्त्रीच्या मजुरीत जातात.

नियम सोपा आहे. सगळ्यात सौम्य उपाय पहिले करायचा, आणि तो आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर करून पाहायचा. दुसऱ्या दिवशी भिंत वाळल्यावर रंग उतरला नसेल, छपाई भुसभुशीत झाली नसेल, तरच पुढं जायचं.

भिंत कोणती?

मातीची भिंत : हिला पाण्यानं धुवायचंच नाही. जाळी-जळमटं, धूळ मऊ झाडणीनं काढा. जिथं पोपडे निघाले तिथं माती, बारीक कुटार आणि शेण कालवून छाबून घ्या, वाळलं की पातळ हात देऊन सारवा. मातीच्या घराची सफाई म्हणजे नवा थर देणं. याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. सावंगीहून वर्धा शहर ओलांडलं की सेवाग्राम लागतं. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. तिथली आदी निवास आणि बापू कुटी ही घरं माती, बांबू, लाकूड आणि कवेलूची आहेत. मातीच्या भिंती असूनही ही घरं आजवर टिकली ती वेळोवेळी केलेल्या डागडुजीमुळं. अशा भिंतीवर प्रेशरचा फवारा मारला तर सफाई राहील बाजूला, भिंतच वाहून जाईल.

चुन्याची किंवा स्नोसेमची भिंत : कोरड्या भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर रंग सुटत आला आहे, धुवून तो उजळणार नाही. सुटलेला थर खराट्यानं किंवा कुंच्यानं कोरडा झाडून घ्या आणि नवा हात द्या. चुन्यामध्ये बुरशीला आळा घालण्याचा गुण असतो, म्हणून ताज्या चुन्यावर शेवाळ लवकर धरत नाही. कळीचा चुना विझवताना तो उकळतो, म्हणून लेकरांना लांब ठेवा. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

सिमेंट छपाई आणि बाहेरचा पेंट : पेंट शाबूत असेल तर ही भिंत धुता येते. बादलीभर पाण्यात मूठभर कपड्याचा सोडा किंवा साबणाची पावडर, लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि साधा पाईप एवढं बस आहे. साबण लावताना खालून वर जा, पाणी मारताना वरून खाली या. वरून साबण लावला तर कोरड्या भिंतीवर ओघळांच्या रेघा उमटतात. ऊन चढायच्या आधी काम उरका, नाही तर साबण भिंतीवरच वाळतो.

उघड्या विटा, दगड, टाइल्स : दगड आणि टाइल्सला पाणी व ब्रश चालतो. विटांचे सांधे चुन्याचे किंवा मातीचे असतील तर जोराचं पाणी नको. संगमरवराला ॲसिड कधीच लावू नका, तो खातो. ताजमहालाचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व विभागही मुलतानी मातीचा लेप देतो आणि नंतर तो डिस्टिल्ड पाण्यानं धुतो.

डाग कशाचा?

काळा डाग दिसला की लोक घासायला लागतात. पहिले तो कशाचा ते बघा. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाका. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर ती बुरशी किंवा शेवाळ आहे. जसाच्या तसा राहिला तर धूळ किंवा चुलीचा धूर आहे, त्याला साबणाचं पाणी लागेल.

बुरशी आणि शेवाळ : हा उपाय पेंटच्या आणि सिमेंटच्या भिंतीसाठी आहे. दहा लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा. गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घ्या. ते ब्रशनं लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हलकं घासा आणि साध्या पाण्यानं धुवा. हातमोजे, चष्मा आणि जुने कपडे घाला. हे पाणी विहिरीत, जनावरांच्या टाक्यात किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

पांढरा खार (लोणा) : भिंतीच्या खालच्या भागात मिठासारखी पांढरी बुकणी फुटते. ही जमिनीतून चढलेल्या ओलीनं आणलेली खार आहे. पाणी मारलं तर ती विरघळून परत भिंतीत जाते आणि वाळल्यावर पुन्हा फुटते. म्हणून कोरडीच झाडा, उचलून लांब टाका आणि ओल कुठून येते ते शोधा. भिंतीला लागून साचणारं पाणी, गळका नळ, पायव्याजवळ टाकलेली माती हीच कारणं बहुतेक वेळा निघतात.

गंजाचे ओघळ : हे खिडकीच्या गजाचे किंवा पत्र्याच्या खिळ्याचे असतात. पहिले लोखंड घासून त्याला रेड ऑक्साइड लावा, मग भिंतीचं पाहा. नाही तर पुढच्या पावसात ओघळ परत येतो.

खर्‍याच्या पिचकाऱ्या : ताज्या असतील तर साबणाच्या पाण्यानं बऱ्याच जातात. चुन्याच्या भिंतीत मुरल्या की नवा हात देण्याशिवाय इलाज नाही.

प्रेशर मशीन कधी?

सिमेंटचं अंगण, ओटा, दगडी पायऱ्या, फाटक यासाठी मशीन चांगली. भिंतीवर लावायचीच असेल तर छपाई पक्की, पेंट शाबूत आणि भेग एकही नको. पसरट धारेचा नोझल लावा, दोन-तीन फूट लांब उभे राहा. खिडकीच्या फटीत, वीज मीटरवर, स्विच बोर्डावर धार जाऊ देऊ नका. भेगेत शिरलेलं पाणी आठ-दहा दिवसांनी आतल्या भिंतीवर ओल बनून दिसतं. घरगुती मशीन मिनिटाला साधारण सहा ते दहा लिटर पाणी घेते, म्हणजे तासाला ३६० ते ६०० लिटर. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथं हे काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीआधी करणंच शहाणपणाचं.

छताचंही वेगळं आहे. कवेलूवरचा पालापाचोळा हातानं काढा, फुटके कवेलू बदला, वर धार मारू नका. टिनाच्या पत्र्याला ॲसिड आणि तारेचा ब्रश नको, वरचा जस्ताचा थर गेला की गंज धरतो. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडे घासले किंवा त्यावर प्रेशर मारलं तर त्याचे बारीक धागे हवेत उडतात आणि फुप्फुसात बसतात. असे पत्रे घासूच नका.

जिवाशी खेळ नको

१. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड, किंवा संडास धुण्याचं लिक्विड, कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे-घसा जळजळला, खोकला सुटला तर काम सोडून लगेच मोकळ्या हवेत या. दम लागला तर वाट पाहू नका. सावंगीत आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, बाकी गावांनी १०८ ला फोन करावा.

२. फवारणीचा पंप भिंतीसाठी वापरू नका. टाकीत कीटकनाशकाचा अंश राहतो आणि तो भिंतीवर, अंगणात, लेकरांच्या हातावर येतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ते कोणी विसरलं नसेल. ब्लीचिंगचं काम करतानाही वाऱ्याकडं पाठ ठेवा.

३. शिडी लावताना पहिले वर पाहा. विजेची तार जवळ असेल तर लोखंडी शिडी, ओला बांबू, पाण्याची धार काहीच नको. महावितरणच्या लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या. खाली शिडी धरायला एक माणूस ठेवा.

शेवटी एवढं ध्यानात ठेवा. मातीची भिंत सारवायची, चुन्याची झाडून नवा हात द्यायचा, पेंटची साबणानं धुवायची, बुरशीला ब्लीचिंग, लोण्याला कोरडी झाडणी, प्रेशर फक्त पक्क्या जागी. कोणी धुवून द्यायला आला तर त्याला पहिला प्रश्न विचारा : भाऊ, ही भिंत कशाची आहे? ते न पाहताच तो पाईप सोडायला लागला, तर त्याला काम देऊ नका.