कर्मवीर भाऊराव पाटील : व्रताला कृतीचे रूप देणारा महापुरुष

जगाचा इतिहास घडविणाऱ्यांची नावे घेताना प्रथम सम्राट आणि सेनापती आठवतात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला पारख्या राहिलेल्या घरांत ज्यांनी ज्ञानाचा दिवा लावला, त्यांचे कार्यही तितकेच युगप्रवर्तक होय. कर्मवीर भाऊराव पाटील हे अशा युगप्रवर्तकांपैकी एक.

भाऊरावांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, बाहुबलीच्या पवित्र परिसरात, एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. १९०८ साली तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची आज्ञा झाली. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या समाजाने हा प्रसंग विसरू नये. कारण त्या दिवशी अहिंसेचा खरा अर्थ एका विद्यार्थ्यास उमगला होता.

त्यांची अधिक कठोर परीक्षा पुढे १९१४ साली झाली. कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासण्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. लठ्ठे हे त्या जैन वसतिगृहाच्या कारभाराशी निगडित असलेले समाजधुरीण. मनात आकस धरणाऱ्या माणसाला ही सूड घेण्याची संधी वाटली असती. भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला, पण असत्य बोलले नाहीत. सत्यव्रत आणि क्षमा यांचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त ते खेडोपाडी हिंडले. रयतेच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, ही त्यांची खात्री झाली. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे केंद्र सातारा येथे आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, एकत्र जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या कारणासाठी भाऊरावांना एका वसतिगृहाचा उंबरठा ओलांडून बाहेर पडावे लागले, तेच त्यांच्या वसतिगृहाचे अधिष्ठान ठरले.

या यज्ञात सर्वांत मोठी आहुती त्यांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाईंची होय. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविले. धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

‘कमवा आणि शिका’ हा भाऊरावांचा मूलमंत्र होता. विद्यार्थी शेतात राबत, विहिरी खणत, इमारती बांधत आणि त्याच हातांनी पुस्तके उघडत. त्यामुळे शिक्षण हे कुणाचे उपकार न राहता स्वकष्टाचे धन झाले. १९४७ साली सातारा येथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. दि. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले होते. संस्थेचे बोधचिन्ह असलेल्या वटवृक्षाच्या पारंब्या आज महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही रुजल्या आहेत.

अपरिग्रह म्हणजे केवळ संपत्तीचा त्याग नव्हे, तर आपल्यापाशी जे आहे त्यावर इतरांचाही हक्क मानणे होय, हे भाऊरावांनी कृतीने दाखविले. धर्मादाय संस्थेची थोरवी तिच्या वास्तूंच्या उंचीवरून ठरत नाही. तिचे दार कोणासाठी उघडते, यावरून ठरते. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या महापुरुषाचे स्मरण करताना हा निकष प्रत्येकाने मनाशी बाळगावा, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.