रोशा: गुलाबाच्या नावाने खपलेले गवत

एकोणिसाव्या शतकात बाल्कन पर्वताच्या दक्षिणेला, कझानलकच्या खोऱ्यात, गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत जाण्याआधी त्यांच्यावर एक तेल शिंपडले जाई. ते खोरे तेव्हा तुर्की साम्राज्यात होते आणि तुर्क या तेलाला ‘इद्रिस यागी’ म्हणत. युरोपातले व्यापारी त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. खरे तर ते तुर्कस्तानचेही नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला पोचलेले, आणि त्याच्याही आधी नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या डोंगरांत ओढ्याकाठी निघालेले गवताचे तेल होते.

रोशा, रोहिश, तिखाडी अशी त्या गवताची आपल्याकडची नावे. माणसाच्या डोक्यावरून जाईल इतके ते वाढते. पानांचा बुडखा बदामाच्या आकाराचा असून तो काडीला मिठी मारून असतो. पाऊस सरता सरता तुरे येतात आणि पुढे तांबूस होतात. गवती चहा आणि सिट्रोनेला ही त्याची सख्खी भावंडे. ज्वारी, ऊस आणि वाळा हे जरा लांबचे भाऊबंद. संस्कृत वैद्यकग्रंथांत रोहिष, भूतृण, कत्तृण अशी सुगंधी गवतांची नावे येतात. पण नेमके कोणते नाव कोणत्या गवताचे, यावर टीकाकारांचे एकमत नाही. त्यामुळे वंशावळ चरकापर्यंत ओढत नेण्याचा मोह मी टाळतो. निःसंशय धागा हाती लागतो तो अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि तोही एका फ्रेंच शिपायाच्या हातून.

क्लोद मार्तँ हा मूळचा लियोंचा. तो फ्रेंचांच्या फौजेतून आला, इंग्रजांच्या चाकरीत शिरला आणि लखनौमध्ये अमाप पैसा करून १८०० साली तिथेच वारला. ‘ला मार्टिनिअर’ शाळा त्याच्याच मृत्युपत्रातून उभ्या राहिल्या. टिपूशी झालेल्या लढाईच्या काळात बालाघाटात, म्हणजे घाटमाथ्यावरच्या मुलखात, त्याला एक गोष्ट दिसली. जनावरे एका उग्र वासाच्या गवतावर तुटून पडत आणि मग त्यांच्या दुधालोण्याला, इतकेच काय मांसालाही, त्या गवताचा वास येई. मार्तँने बी गोळा केले, लखनौला पेरले आणि काही कलकत्त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गकडे धाडले. रॉक्सबर्गने गवताला मार्तँचेच नाव दिले. आज ते ‘सिंबोपोगॉन मार्टिनी’ म्हणून ओळखले जाते. छावणीतल्या लोण्याच्या वासावरून वनस्पतिशास्त्रात दाखल झालेली दुसरी वनस्पती मला तरी ठाऊक नाही.

तेल मात्र रॉक्सबर्गची वाट पाहत थांबले नव्हते. १८२० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरांनी निमाडातल्या या तेलाची नोंद केली तेव्हा लोक ते सांधेदुखीवर चोळतच होते. खानदेशात हा धंदा आधी पिंपळनेरकडे होता. तिथले गवत विरळ होत गेले तशा भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकल्या. १८८० च्या सुमारास त्यांची संख्या दोनशेच्या आसपास होती. भट्टी म्हणजे काय, तर वाहत्या ओढ्याच्या काठावर चुलाण, त्यावर मोठी कढई, तिच्यात गवत आणि पाणी. वर लाकडी झाकण, त्याच्या भोकातून निघणारी सुतळीने आवळलेली बांबूची नळी, आणि फटी बुजवायला उडदाच्या पिठाची कणीक. नळीचे दुसरे टोक निमुळत्या तोंडाच्या भांड्यात आणि ते भांडे ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेले. वाफ तिथे निवे आणि पाण्यावर तेलाचा तवंग येई. हे तेल चामडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला, नाहीतर धुळे-मनमाडवरून मुंबईला जाई.

मुंबईत त्याच्यात भेसळ होई. टर्पेंटाइन, भुईमुगाचे तेल, जवसाचे तेल, जे स्वस्त मिळेल ते. म्हणजे गुलाबतेलात भेसळ करायला जो माल निघाला होता, तोच आधी भेसळ होऊन बोटीवर चढत होता. पुढे तुर्कस्तानातही त्याच्यावर संस्कार होत. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळून उन्हात ठेवत. त्याने रंग फिका पडे, उग्रपणा ओसरे आणि वास गुलाबाच्या आणखी जवळ जाई. मग ते कझानलकला रवाना होई. या लबाडीमागचा हिशेब सोपा होता. १ किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात, त्याही पहाटे हाताने खुडलेल्या. रोशाचे १ किलो तेल दोन-अडीचशे किलो गवतातून निघते.

पण स्वस्त तेले जगात पुष्कळ होती. मग हेच का? कझानलकच्या व्यापाऱ्याने याचे उत्तर दिले असते ते फक्त नाकाचे. रसायनशास्त्राला त्या उत्तरापर्यंत पोचायला पाव शतक भांडावे लागले.

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने भारतातून आलेल्या या तेलाचे ऊर्ध्वपातन करून त्यातला मुख्य घटक वेगळा काढला. तो एक अल्कोहोल होता, दहा कार्बनांचा. बाजारातल्या ‘जिरेनियम तेल’ या चुकीच्या नावावरून त्याने त्याला जिरॅनिऑल म्हटले. पुढे दोन दशकांनी गुलाबतेलातला मुख्य अल्कोहोल हाती लागला तेव्हा त्याला अर्थातच भारदस्त नाव मिळाले, ऱ्होडिनॉल. गुलाब आणि गवत एका पंगतीला कसे बसणार! पण बर्ट्राम आणि गिल्डेमाइस्टर हे जर्मन रसायनज्ञ म्हणू लागले की हे नवे काही नाही, जिरॅनिऑलच आहे. फ्रेंचांनी विरोध केला. वाद बरीच वर्षे चालला आणि १८९६ मध्ये टीमान आणि श्मिट यांनी निकाल दिला: ऱ्होडिनॉल हा एकच पदार्थ नसून जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल यांचे मिश्रण आहे. म्हणजे भेसळीसाठी वापरलेला रेणू मुळात गुलाबातच होता. कझानलकच्या ठकांनी गुलाबात परके काही घातलेच नव्हते, गुलाबाचाच एक अंश स्वस्त ठिकाणाहून आणून वाढवला होता. त्यांचे समर्थन करायचे नाही. पण प्रयोगशाळेच्या आधी बाजाराचे नाक पोचले होते, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

अर्थात गुलाबतेल म्हणजे एवढेच नव्हे. त्यात एक बिनवासाचा मेणासारखा भाग असतो, त्यामुळे चांगले तेल थंडीत गोठते. गवताच्या तेलात हे मेण नाही. भेसळ वाढली की तेल गोठायला जास्त थंडी लागते. जुन्या पारखींची कसोटी हीच. ठकांनी त्यावर देवमाशाचे मेण मिसळण्याची युक्ती काढली, हेही ओघाने आलेच.

जिरॅनिऑलच्या रेणूची रचना १९१९ मध्ये अल्बेर व्हेर्ले याने उलगडली. त्याआधीच ओटो वालाख याने सुगंधी तेलांच्या जंजाळात एक सूत्र शोधले होते: यातले कितीतरी पदार्थ आयसोप्रीन या पाच कार्बनी तुकड्याचे जोड आहेत. याच कामाला १९१० चे नोबेल मिळाले. जिरॅनिऑलमध्ये असे दोन तुकडे शेपटीला डोके लावून जोडलेले असतात. पुढे कळले की जिवंत पेशीत या घराण्याचा मूळपुरुष जिरॅनिऑलचाच फॉस्फेटधारी अवतार आहे, जिरॅनिल पायरोफॉस्फेट. लिंबाच्या सालीतला लिमोनीन, पुदिन्यातला मेंथॉल हे त्याचेच वंशज. आपल्या यकृतात कोलेस्टेरॉल तयार होते त्या वाटेवरही तो एक थांबा आहे. फरक इतकाच की आपण तिथून पुढे जातो, रोशा तिथे थांबून त्याचे तेल करतो.

रोशाच्या चांगल्या तेलात जिरॅनिऑल ७५ ते ९० टक्के असते. उरलेल्यात मुख्यतः जिरॅनिल ॲसिटेट आणि थोडे लिनालूल. पण सगळे रोशा गवत सारखे नाही. भट्टीवाल्यांनी त्याचे दोन प्रकार फार पूर्वीच केले होते, मोतिया आणि सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या डोंगरउतारावरचा. सोफिया दमट, सखल जागेतला. दिसायला दोन्ही इतके सारखे की वनस्पतिशास्त्रज्ञ हात टेकतात, पण सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी आणि लिमोनीनसारखे पदार्थ जास्त असतात. म्हणून तो अत्तराला कमी कसाचा ठरला. १९०६ मध्ये ओटो स्टाप्फ याने लंडनच्या क्यू उद्यानातून भारतातल्या तेलगवतांची विस्कळित नावे मार्गी लावली, पण हे दोन प्रकार ओळखण्याचा सर्वात भरवशाचा मार्ग पान चुरडून हुंगणे हाच राहिला.

कापणीच्या वेळेचेही तसेच. तुरा कोवळा असताना त्यात जिरॅनिल ॲसिटेटचा भाग मोठा असतो. तुरा पक्व होत जातो तसे एक विकर त्याचे जिरॅनिऑल करत जाते. हे लखनौच्या ‘सीमॅप’ या केंद्रीय संस्थेत २००० च्या आसपास तपासले गेले. कढई मांडायची वेळ तुऱ्यावरून ठरवणाऱ्या खानदेशातल्या लोकांना विकर ठाऊक नव्हते, तुरा ठाऊक होता. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत. काडीत जवळपास नाहीच.

आता हे तेल करते काय? बुरशी, यीस्ट आणि कित्येक जिवाणूंची वाढ ते रोखते. जिरॅनिऑल स्निग्धात सहज विरघळते, त्यामुळे ते पेशीच्या स्निग्ध पटलात घुसते. पटल सैल पडते आणि आतले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. १९८८ मध्ये कॅन्डिडा आणि पावाच्या यीस्टवर हे मोजून दाखवले गेले. डासांवरही त्याचा परिणाम होतो आणि तिथे उपयोगी पडला तो अत्तराने नाकारलेला सोफिया. भारतीय संशोधकांनी त्याचे तेल डास पिटाळण्यासाठी तपासले, २००३ मध्ये कार निकोबारच्या आदिवासी गावांतही. मधमाशीला मात्र हाच रेणू बोलावणे वाटतो. कामकरी माशा शेपटाजवळच्या ग्रंथीतून जो हाकेचा वास सोडतात, त्यात जिरॅनिऑल असते.

बाटलीवरच्या जाहिराती या बळावर रोशाला सर्वरोगहारी करून टाकतात, ते पटण्याजोगे नाही. काचेच्या बशीत बुरशी मरते म्हणून माणसाचा आजार बरा होतो असे नाही. यातले बहुतेक पुरावे अजून बशीतलेच आहेत. आणि जो रेणू बुरशीच्या पटलात घुसतो, तो आपल्या कातडीलाही अगदीच परका नसतो. हवेत राहून त्याचे जे पदार्थ बनतात, ते काहींना खाज आणतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये ज्या २६ सुगंधी पदार्थांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे केले, त्यात जिरॅनिऑल आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कहाणीने एक खट्याळ वळण घेतले. टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात जिरॅनिऑल तयार होऊ लागले. मुंबईच्या गोदीत ज्या टर्पेंटाइनने रोशाचे तेल बिघडवले जाई, त्यातूनच आता त्याचा मुख्य घटक निघू लागला, पुढे पेट्रोलियममधूनही. साबणाला एवढे पुरते. तरी अत्तरवाले रोशाचे नैसर्गिक जिरॅनिऑल मागतात, कारण सोबतच्या किरकोळ घटकांनी त्याला जो मऊपणा येतो, तो कारखान्याच्या मालात नसतो. शेतीही त्यामुळेच टिकली आहे आणि ‘सीमॅप’ने तिच्यासाठी जाती काढल्या आहेत, त्यातल्या एकीचे नाव ‘तृष्णा’.

भेसळही टिकली आहे, फक्त पकडण्याचे तंत्र बदलले. पेट्रोलियमचे जिरॅनिऑल ओळखणे सोपे, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. गवताचे अवघड, कारण ते खरोखरच वनस्पतीचे, रेणूही तोच. पण रोशा ज्वारी-उसाच्या कुळातला आहे. कडक उन्हात राहणारी ही गवते हवेतला कार्बन गुलाबापेक्षा वेगळ्या पद्धतीने पकडतात आणि त्यांच्या रेणूंत कार्बन-१३ चे प्रमाण थोडे जास्त राहते. हा फरक वासाला कळत नाही, यंत्राला कळतो. २०१३ मध्ये बाजारातल्या दमास्क गुलाबाच्या तेलांची अशी तपासणी झाली, तेव्हा काही नमुन्यांतला कार्बन गुलाबाचा नव्हता, रोशासारख्या गवताचा होता.