जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

भोकर तालुका सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दरबारची भाषा उर्दू. मराठीस दफ्तरांत जागा मिळाली ती पुढें. आणि मेजावरचा संगणक आला तोही इंग्रजी अक्षरेंच घेऊन! १९८१ सालीं निघालेल्या आयबीएमच्या यंत्रास देवनागरी ठाऊक नव्हती. ही उणीव जिस्ट नांवाच्या कार्डानें भरून काढली. कानपूरच्या आयआयटींत सुरू झालेलें हें काम १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तडीस नेलें. पेटी उघडून मुख्य पाटीवरील रिकाम्या खांचेंत तें कार्ड बसविलें, कीं त्याच यंत्रावर मराठी उमटूं लागे. १९९१ च्या इस्की प्रमाणांत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांस एकच संकेतमाला होती; त्यामुळें देवनागरींतील नांव लिपि बदलतांच तेलुगूंत दिसे. तेलंगणाच्या सीमेवरील नांदेड जिल्ह्यास याचें मोल वेगळें सांगावयास नको. दरबारी उर्दू मात्र या मालेबाहेर राहिली. तिची लिपि निराळ्या कुळांतली.

असें यंत्र आज पुन्हां चालतें करावयाचें तर प्रथम पाटीवरील घड्याळाची बॅटरी पाहावी. ती पाझरली कीं तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. पातळ व्हिनेगरनें तो मारावा, पाटी धुवून पूर्ण वाळवावी, मगच वीज द्यावी. फिरत्या तबकडीच्या जागीं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड खुशाल बसवावें, स्मृतीही वाढवावी. पण जागा अडते म्हणून जिस्टचें कार्ड उपटूं नये. इस्कीचा मजकूर युनिकोडांत आणतां येतो हें खरें. परंतु तें मराठी त्या पडद्यावर कसें उमटे, हें त्या कार्डावाचून दिसावयाचें नाहीं.