झेंडा एकाचा, वसूल दुसऱ्याचा

२७ जानेवारी २०१४ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात बी-आर५आरबी नावाच्या ताऱ्यापाशी युद्ध पेटलं आणि ते सुमारे २१ तास चाललं. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले आणि टायटन जातीची ७५ अजस्र जहाजं नष्ट झाली. या संहाराला निमित्त झालं ते एका थकलेल्या हप्त्याचं. त्या ताऱ्यावरचा ताबा टिकवायला ठरावीक मुदतीनं भरावी लागणारी रक्कम भरली गेली नाही, ताबा आपोआप सुटला आणि टपून बसलेला शत्रू आत शिरला. आइसलंडच्या सीसीपी कंपनीनं २००३ साली आणलेल्या या खेळाची राज्यव्यवस्था समजून घ्यायची तर सुरुवात या हप्त्यापासून करावी. अमार, कलदारी, गॅलेंटे आणि मिनमतार ही चार साम्राज्यं खेळानं आयती दिली आहेत. त्यांची कामं केली की त्यांची मर्जी वाढते, वैऱ्याची घटते. निष्ठेचा हा भाग सरळ आहे. खरी गुंतागुंत साम्राज्यांच्या हद्दीबाहेर आहे. तिथे खेळाडूंच्या कंपन्या, कंपन्यांचे संघ आणि संघांच्या आघाड्या तारे काबीज करतात. नवखा माणूस नकाशावरचे रंग बघून ‘हा मुलूख अमक्याचा’ असं ठरवतो आणि फसतो, कारण रंग मालकाचा असला तरी तिथे खाणी खोदणारा, राबणारा बहुधा दुसराच असतो. मोठे संघ आपले तारे छोट्या गटांना भाड्यानं देतात. भाडं भरणारा सुखानं राहतो. थकवलं तर मालकाचंच आरमार त्याच्या दारात उभं राहतं.

मुलखावरचा झेंडा एकाचा आणि वसूल दुसऱ्याचा, ही रचना मराठी वाचकाला नवी वाटायचं कारण नाही. तिला आपल्याकडे चौथाई म्हणतात. पाठ्यपुस्तकातली चौथाई सगळ्यांना ठाऊक असते: शत्रूच्या मुलखातल्या वसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यावर दहा टक्के सरदेशमुखी. पण तिचा उगम पुण्यात किंवा रायगडावर शोधू नये, असं माझं म्हणणं आहे. तो उत्तर कोकणात, पोर्तुगीजांच्या दमणला लागून असलेल्या डोंगरी पट्ट्यात आहे, आणि तिथून स्वराज्यात यायची तिची वाट कल्याणवरून गेली असावी.

धागा सापडतो तो डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरच्या, १९२८ साली आलेल्या ग्रंथात. पोर्तुगीज कागद चाळून सेन यांनी दाखवून दिलं की शिवाजी महाराजांनी चौथ मागण्याच्या कितीतरी आधीपासून दमणच्या गावांकडून ती घेतली जात होती. घेणारा होता रामनगरचा राजा, म्हणजे पुढच्या धरमपूर संस्थानाचा पूर्वज. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतलं. गावं त्यांची झाली, किल्ला त्यांचा झाला, चर्चच्या घंटा वाजू लागल्या, तरी त्याच गावांच्या उत्पन्नातला हिस्सा डोंगरातल्या राजाकडे जात राहिला. त्या बदल्यात राजाच्या माणसांनी गावांना उपद्रव द्यायचा नाही. पोर्तुगीज दप्तरात हा राजा ‘चौथिया’ म्हणूनच ओळखला जातो. वसुलीवरून माणसाचं नाव पडावं इतकी ही वसुली त्या भागात जुनी आणि परिचयाची होती. राजाच्या नावावरून वसुलीला नाव पडलं असेल, ही उलटी शक्यता मला पटत नाही. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत चौथ म्हणजे चौथा भाग हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्याला राजा लागत नाही. प्रत्यक्षात दर मात्र चौथ्या हिश्शाला चिकटून नव्हता, गावागणिक तो कमी होई. हीदेखील प्रथेच्या जुनेपणाचीच खूण आहे: आकडा झिजून गेला, नाव उरलं.

१६७२ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं आणि पाठोपाठ रामनगरही मराठ्यांकडे आलं. त्यानंतर महाराजांनी दमणच्या चौथाईवर सांगितलेला हक्क हा या कुळकथेतला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. आम्ही बलवान आहोत म्हणून द्या, एवढंच त्यामागे नव्हतं. रामनगरचं राज्य आता आमचं, म्हणून रामनगरला मिळणारं येणंही आमचं, असा तो वारसाहक्काचा दावा होता. पोर्तुगीजांनी चालढकल केली, पण हक्क मुळातच नाही असं म्हणणं त्यांना जड होतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो त्यांनीच मान्य केलेला होता. मुलूख जिंकला की मुलखाला चिकटलेली येणी आणि देणीही जिंकणाऱ्याकडे येतात, हे तत्त्व त्या काळच्या राजकारणात मुरलेलं होतं.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. डिसेंबर १६७० मध्ये, म्हणजे रामनगर घेण्याच्या दीड वर्ष आधी, प्रतापराव गुजरांनी खानदेशात शिरून गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून दरसाल चौथा हिस्सा देण्याचे लेखी करार करून घेतले होते. मग रामनगर हा उगम कसा? कालक्रमाचा हा मुद्दा रास्त आहे. तो रामनगर ‘जिंकणं’ हा उगम असल्याचं म्हणणं खोडून काढतो, रामनगरची ‘माहिती’ हा उगम असल्याचं नाही. इथे कल्याण येतं. १६३६ च्या तहानं निजामशाही कोकण आदिलशहाकडे गेलं आणि १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी महाराजांनी घेतली. १६६१ ला कल्याण मोगलांनी हिसकावलं आणि १६७० च्या सुमारास ते पुन्हा मराठ्यांकडे आलं. या सगळ्या काळात खाडीपलीकडचं ठाणं पोर्तुगीजांच्या वसईच्या अमलाखाली होतं आणि वसई व दमण हे त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांता’चेच दोन भाग होते. आज ठाणे-कल्याण हे लोकलचं अर्ध्या तासाच्या आतलं अंतर आहे; तेव्हा मधे राज्याची सीमा होती, आणि व्यापाऱ्यांची गलबतं ती रोज ओलांडत होती. कल्याणच्या सुभेदाराला, भिवंडीच्या व्यापाऱ्याला, आरमार बांधताना हाताशी असलेल्या पोर्तुगीज कारागिरांना दमणची देणी-घेणी ठाऊक नसतील, हे मला अशक्य वाटतं. सुरतेच्या स्वाऱ्यांच्या वाटाही जव्हार-रामनगरच्या डोंगरांना लागूनच जात होत्या. ‘दमणच्या धर्तीवर खानदेशात वसूल करावा’ अशा आज्ञेचा कागद नाही. तो नसताना, सीमेवरच्या कल्याणातून ही कल्पना स्वराज्यात शिरली असं मी धरून चालतो. पर्यायी स्पष्टीकरणं यापेक्षा दुबळी आहेत.

त्या पर्यायी स्पष्टीकरणांपैकी एक मात्र गुजरातचं आहे आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. पंधराव्या शतकात गुजरातच्या सुलतानानं राजपूत जमीनदारांना नमवल्यावर त्यांच्या जमिनीचे चार वाटे केले. तीन वाटे सरकारी. त्याला ‘तळपद’ म्हणत. एक वाटा जमीनदाराकडे राहिला, तो ‘वांटा’. पुढे ज्या गिरासियांच्या, म्हणजे अशा जमीनदारांच्या, हातून जमीन पूर्णच सुटली, ते डोंगरात बसून गावांवर धाडी घालू लागले आणि धाड टाळण्यासाठी गावं त्यांना दरसाल ठरावीक रक्कम देऊ लागली. तिचं नाव ‘गिरास’. इरफान हबीब यांच्यासारखे अभ्यासक चौथाईचं मूळ जमीनदाराच्या या चौथ्या हिश्शात पाहतात. दोन मतांत मला भांडण दिसत नाही. रामनगर दक्षिण गुजरातच्या कडेलाच आहे आणि तिथला राजवंश स्वतःला राजपूत म्हणवणारा. सपाटीवरची गावं हातची गेली, पण त्यांच्यापर्यंत घोडा दौडवण्याची ताकद गेली नाही, अशा राजाचा वांटा हळूहळू गिरास होतो. दमणची चौथ ही या दोन्हींच्या सांध्यावरची अवस्था आहे: निम्मी जुन्या धन्याचा हक्क, निम्मी नव्या शेजाऱ्याची धास्ती. म्हणून वंशावळ मी अशी मांडतो: वांटा, मग गिरास, मग रामनगरची चौथ, मग मराठ्यांची चौथाई.

चौथाई म्हणजे खंडणी की संरक्षणाचं मोल, हा जुना वाद या वंशावळीच्या उजेडात वेगळा दिसतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली तिची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली: पैसे घ्या, रक्षण करा. यदुनाथ सरकारांनी ते साफ नाकारलं; त्यांच्या मते चौथ दिल्यानं फक्त मराठ्यांची स्वारी टळे, तिसऱ्या कोणापासून वाचवण्याची जबाबदारी मराठ्यांवर येत नसे. आरंभापुरते सरकार बरोबर आहेत. रामनगरच्या चौथीत उपद्रव न देण्यापलीकडे फार काही नव्हतं. पण त्यांनी आरंभालाच अखेर मानलं. दरसाल वसूल हवा असेल तर देणारं गाव दरसाल जिवंत राहायला हवं. दुसऱ्या कोणी ते लुटलं तर आपलाच वसूल बुडतो. त्यामुळे उपद्रव न देण्याचा करार स्वार्थापोटीच रक्षणाच्या कराराकडे सरकतो. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा आणल्या, त्यांत हे सरकणं कागदावर उतरलं आहे: चौथाईच्या बदल्यात १५,००० घोडदळ बादशाही कामासाठी सज्ज ठेवायचं, सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखाचा बंदोबस्त राखायचा. खेळातल्या भाडेकरूंचं वागणंही याच दिशेचं आहे. मालकाला पहिल्यांदा फक्त भाडं हवं असतं. पण त्रयस्थांच्या टोळ्यांपासून तो वाचवत नाही असं दिसलं की भाडेकरू तारा सोडून निघून जातात आणि मालकाच्या नकाशावर नुसता रंग उरतो.

१७१९ च्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती बी-आर५आरबीच्या थकलेल्या हप्त्याची आठवण करून देते. छत्रपती शाहूंनी बादशहाला दरसाल १० लाख रुपये पेशकश द्यायची होती. वरच्याला दिलं म्हणून खालच्याकडून घेण्याला कायद्याचं रूप आलं. २००९ च्या अखेरीस सीसीपीनं ताब्याचे नियम बदलले तेव्हा नेमकं हेच केलं: ताऱ्यावर सत्ता सांगणाऱ्या संघानं वरच्या मध्यवर्ती सत्तेला ठरावीक मुदतीनं रक्कम भरायची, तरच दावा वैध, आणि मग खालच्यांकडून भाडं घ्यायचं. वसुलाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. चौथाईतले २५ टक्के ‘बाबती’ म्हणून छत्रपतींचे, ६ टक्के ‘साहोत्रा’ आणि ३ टक्के ‘नाडगौडा’ छत्रपती मर्जीतल्या माणसांना देत, उरलेले ६६ टक्के ‘मोकासा’ सरदारांचा. कोणत्याही एका सरदाराच्या हाती सलग मुलूख पडू नये म्हणून मोकासे विखरून दिले गेले. निष्ठा बांधण्याचा हा उपाय काही दशकं चालला. त्यातून निजामाच्या मुलखात एकाच गावी दोन अंमलदार बसले, एक त्याचा आणि एक मराठ्यांचा कमाविसदार. त्याला दुअंमल म्हणत. आघाडीतल्या संघांची निष्ठा विखुरलेल्या उत्पन्नात अडकवून ठेवण्याची युक्ती अंतराळातही चालते आणि तितकीच अर्धवट चालते. पुढचे टप्पे परिचित आहेत. १७५१ मध्ये बंगालच्या अलिवर्दीखानानं दरसाल १२ लाख कबूल केले, तो चौथाईचा पूर्वेकडचा सर्वांत लांबचा पल्ला.

आइसलंडच्या खेळ रचणाऱ्यांनी चौथाईचं नाव ऐकलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही, मग ही कुळकथा कसली, असं विचारलं जाईल. रक्ताचं नातं मी सांगतच नाही. संपत्ती जागेवर खिळलेली, फौज फिरती आणि मधलं अंतर मोठं असेल, तर प्रत्यक्ष राज्य करण्यापेक्षा वसूल घेणं स्वस्त पडतं. ही तीन कारणं दमणच्या डोंगरात होती आणि नियम लिहिणाऱ्यांनी ती अंतराळातही निर्माण केली. म्हणूनच २००९ च्या नियमांत भाडेकरूंची कुठलीही तरतूद नव्हती, तरी खेळाडूंनी ती उभी केली आणि ‘नॉर्दर्न असोसिएट्स’सारखे केवळ भाडेकरूंचे संघ अस्तित्वात आले. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या ‘इक्विनॉक्स’ या बदलानं तर धाडीलाच नियमांत जागा दिली: ग्रहाच्या कक्षेत बसवलेल्या यंत्रांमधला माल आता तारा न जिंकताही ठरावीक वेळी लुटून नेता येतो. म्हणजे ताबा एकीकडे, उपद्रव देण्याची ताकद दुसरीकडे. वांट्यापासून गिरासापर्यंतचा रस्ता जिथून फुटला तीच ही जागा, आणि उपद्रव टाळण्यासाठी दरसालची रक्कम ठरवणारे करार तिथेही होतील, असा माझा अंदाज आहे.

खुद्द ठाण्यात मराठ्यांनी चौथाईचा मार्ग वापरलाच नाही. १७३७ साली त्यांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी सरळ जिंकून घेतली, दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई घेतली. खाडी पार केली की फौज पोचते, इतकं अंतर कमी असेल तिथे वसुलावर थांबायचं कारण उरत नाही. माझ्या तीन कारणांपैकी एक इथे गळतं आणि रचना लगेच बदलते. इंग्रजांचाही हिशेब तोच. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची पदरात पाडून घेतली. १८१८ नंतर चौथाई संपली. तिचा आजा मात्र टिकला: गुजरातेत गिरासियांनी गावागावांत जाऊन वसूल मागणं कंपनीनं बंद केलं, पण त्यांचा हक्क बुडवला नाही, ‘तोडा गिरास’ या नावानं ती रक्कम त्यांना सरकारी खजिन्यातून मिळू लागली.