मचव्यावरचं रामायण

मराठी आरमाराचा इतिहास पुष्कळ थोरामोठ्यांनी लिहिला आहे. खांदेरी झाली, कुलाबा झाला, कान्होजी आंग्रे तर झालेच. परंतु मराठी माणसाच्या मचव्यावर टेलिव्हिजन कसा लागला, याबद्दल एकाही इतिहासकाराने चकार शब्द काढलेला नाही. ती उणीव भरून काढावी म्हणतो. माझा अधिकार एवढाच, की त्या मोहिमेत अँटेनाचा बांबू माझ्या हातात होता.

प्रथम पूर्वपीठिका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. या लहरी नाकासमोर चालणाऱ्या. डोंगर आडवा आला की संपलं. पण वरळीचा मनोरा चांगला उंच आणि अलिबागपर्यंत मध्ये बहुतेक पाणीच. त्यामुळे आमच्या रेवसच्या कौलांवर माशाच्या काट्यासारख्या अँटेना डुलू लागल्या.

हा काटा मूळचा जपानी. १९२६ च्या सुमारास यागी आणि उदा या दोघांनी तो शोधला. पण जपान्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. १९४२ साली त्यांनी सिंगापूर घेतलं, तेव्हा इंग्रजांच्या कागदांत 'यागी' असा शब्द सापडला. हा काय प्रकार, म्हणून इंग्रज कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्याच प्रोफेसरांचं नाव की हे!" काखेत कळसा नि गावाला वळसा. या अँटेनाचा स्वभाव मोठा मानी. तोंड केंद्राकडे असेल तरच चित्र देणार. पाठ फिरली की पडद्यावर मुंग्या.

आता मूळ मुद्दा. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झालं आणि गावात चिटपाखरू दिसेना. फक्त माझे आजोबा मात्र खाडीत, आपल्या शिडाच्या मचव्यावर. माल ट्रकने जाऊ लागला होता, मचव्याला काम उरलं नव्हतं. पण म्हातारा खाली उतरायला तयार नाही. "डबा बघायला मी किनाऱ्यावर येऊ? डब्याला गरज असली तर तो येईल!"

मामा बापाचाच मुलगा. त्याने एका रविवारी ट्रकची बॅटरी, बारा व्होल्टवर चालणारा लहानसा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि डोलकाठीला बांधायला अँटेना, असा सगळा संसार होडीत घातला. काटा वायव्येला, वरळीकडे फिरवला. चित्र आरशासारखं! आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी नुसत्या मुंग्या.

दोष रामाचा नव्हता, वरळीचाही नव्हता. नांगरावरचा मचवा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून राहतो. भरती रोज पाऊण तास उशिरा येते, म्हणजे आठवड्यात झाला की नाही सहा तासांच्या आसपास फरक? बीजेच्या रविवारी साडेनऊला भरती, तर नवमीच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. मचवा उलटा, काटा उलटा, राम गायब! "पुढून-मागून दोन्हीकडे नांगर टाकू," मामा म्हणाला. आजोबा उखडले. "होडी आहे ती, म्हैस नव्हे दावणीला बांधायला!"

शेवटी अँटेना सुट्या बांबूला बांधली आणि तो बांबू मला दिला. मी वर, टीव्ही खाली आडोशाला. "डावीकडे! अरे, फार झालं! आला, आला... गेला!" माझं सगळं रामायण असं ऐकीव. वय अकरा, डोळ्यांत पाणी यायचं, पण मामासमोर बोलायची सोय नव्हती.

एका रविवारी पाणी नेमकं फिरायच्या वेळेला आजोबा उठून आले. काही न बोलता त्यांनी बांबू घेतला. "जा, तू बघ."

"पण आजोबा, तुम्ही?"

"मला गोष्ट ठाऊक आहे."

मी खाली जाऊन बसलो. मचवा हळूहळू संपूर्ण फिरला, आणि अर्धा तास पडद्यावर एक मुंगी आली नाही. खालून कोणी "डावीकडे" म्हटलं नाही. वर डोकावलो तर आजोबा टीव्हीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे. पाणी तळव्याला कळत होतं. होडी जेवढी इकडे तेवढा बांबू तिकडे. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला हात तो. पुष्कळ दिवसांनी त्याला काम मिळालं होतं.

त्यानंतर बांबू त्यांनी कोणाला दिला नाही. मामानेही मचवा विकायची गोष्ट रामायण संपेपर्यंत, म्हणजे जुलै १९८८ पर्यंत, काढली नाही.

पुढे २०२० साली टाळेबंदीत रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा माझे बुडालेले भाग मी घरात बसून पाहिले. चित्र अगदी स्वच्छ. बायको म्हणाली, "सारखे वर गच्चीकडे काय बघता?"

काय सांगणार? म्हटलं, "कुणी बांबू धरलाय का, ते बघतो."