सहचालक (रॅली शर्यत)

रॅली शर्यतीत चालकाच्या शेजारी बसून पुढील रस्त्याचे वर्णन वाचून दाखविणाऱ्या आणि वेळेचा हिशेब सांभाळणाऱ्या स्पर्धकास सहचालक असे म्हणतात. नावात 'चालक' असला तरी विशेष टप्प्यांवर तो सहसा गाडी चालवीत नाही. रॅली बंदिस्त धावपट्टीवर न होता घाट, जंगल आणि कच्च्या रस्त्यांवर होते. त्यामुळे वळणे पाठ होतील इतक्या फेऱ्या चालकाला मिळत नाहीत. वळणापलीकडचा रस्ता त्याला दिसत नाही. तो त्याला सहचालकाच्या आवाजातूनच कळतो.

कार्य

रॅलीचा मार्ग दोन प्रकारचा असतो. विशेष टप्पे वाहतुकीसाठी बंद केलेले असतात आणि त्यांवरील वेळेवरून क्रमांक ठरतात. त्यांना जोडणारे रस्ते मात्र खुले असतात व तेथे वाहतुकीचे सर्व नियम लागू होतात. जोडरस्त्यांवर मार्गपुस्तिकेनुसार दिशा सांगणे आणि प्रत्येक तपासणी नाक्यावर ठरलेल्या मिनिटाला टाइम कार्ड सादर करणे, ही सहचालकाची जबाबदारी असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नाक्यावर उशिरा पोहोचल्यास दर मिनिटाला १० सेकंदांचा, तर लवकर पोहोचल्यास दर मिनिटाला पूर्ण १ मिनिटाचा दंड होतो. टप्प्यावर कमावलेले काही सेकंद अशा एका चुकीने वाया जाऊ शकतात. चाक बदलणे आणि किरकोळ दुरुस्ती ही कामेही दोघे मिळून करतात.

पेस नोट्स

रस्त्याच्या सांकेतिक वर्णनाला पेस नोट्स म्हणतात. शर्यतीपूर्वी मर्यादित वेगाने मार्गाची पाहणी केली जाते. तिला रेकी असे नाव आहे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक टप्प्यावरून सहसा दोनदा जाता येते. पहिल्या फेरीत चालक वर्णन सांगतो व सहचालक ते लिहून घेतो. दुसऱ्या फेरीत ते पडताळले जाते.

नोट्समध्ये वळणाची दिशा, तीव्रता आणि पुढील वळणापर्यंतचे अंतर मीटरमध्ये नोंदवितात. प्रचलित पद्धतीत १ हा अंक अतिशय तीव्र वळणासाठी, तर ६ हा अंक जवळजवळ पूर्ण वेगाने घेता येणाऱ्या वळणासाठी वापरतात. काही चालक हा क्रम उलटा ठेवतात. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटासारख्या रस्त्याची नोंद, केवळ उदाहरणादाखल, अशी होऊ शकेल : 'उजवे ४, पुढे आवळते, ८०, डावे १, आतून कापू नये'. येथे 'आवळते' हा एक शब्द सुटला, तर चालक चुकीच्या वेगाने वळणात शिरेल.

वाचनाची वेळ मजकुराइतकीच महत्त्वाची असते. चालक एका वळणात असताना पुढील वळणाची नोंद वाचावी लागते. फार आधी सांगितलेले लक्षात राहत नाही आणि उशिरा सांगितलेले उपयोगी पडत नाही. गाडी उसळत असतानाही सहचालकाला कागदावरील आपली जागा हरवू न देता शिरस्त्राणातील इंटरकॉमवर एकसारख्या लयीत बोलावे लागते.

इतिहास

या पद्धतीचे गाजलेले आरंभीचे उदाहरण रॅलीतील नव्हे, तर इटलीतील मिले मिलिया या रस्ता-शर्यतीतील आहे. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी बसलेले पत्रकार डेनिस जेन्किन्सन यांनी सुमारे १,६०० किमी मार्गाचे वर्णन सुमारे ५.५ मीटर लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर उतरविले होते. इंजिनाच्या आवाजामुळे ते हातांच्या खुणांनी सूचना देत. या जोडीने १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत शर्यत जिंकली. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली. मिशेल मूटाँ आणि सहचालक फाब्रित्सिया पॉन्स यांनी १९८१ ची सानरेमो रॅली जिंकली. सेबास्तियाँ लोब आणि डॅनिएल एलेना यांनी २००४ ते २०१२ अशी सलग नऊ अजिंक्यपदे मिळविली.

धोका आणि सुरक्षितता

अपघाताचा धोका दोघांनाही सारखाच असतो. १९८६ च्या कॉर्सिका रॅलीत चालक हेन्री तोइवोनेन यांच्यासह सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचाही मृत्यू झाला. त्यानंतर 'गट ब' प्रकारच्या शक्तिशाली गाड्या जागतिक स्पर्धेतून बंद करण्यात आल्या. २००५ मध्ये वेल्समधील रॅलीत सहचालक मायकेल पार्क मरण पावले. त्यांचे चालक मार्को मार्टिन बचावले. गाडी अडकल्यास मागून येणाऱ्यांसाठी रस्त्यावर त्रिकोण ठेवणे आणि 'ओके' किंवा 'एसओएस' फलक दाखविणे ही कामे बहुधा सहचालकच करतो.

भारतात

मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली. केरळमधील कासरगोडचे मुसा शेरीफ हे भारतातील नामवंत सहचालक असून गौरव गिल यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद एकाहून अधिक वेळा जिंकले आहे. खानदेशातील धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही राष्ट्रीय मालिकेतील फेरी झाली आहे.

२०१९ मध्ये राजस्थानातील राष्ट्रीय फेरीत टप्प्यावर आलेल्या दुचाकीला स्पर्धक गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. पेस नोट्समध्ये रस्त्याचे वर्णन असते. ऐनवेळी रस्त्यावर येणाऱ्या माणसांची नोंद त्यांत असू शकत नाही. त्यामुळे मार्ग बंद ठेवण्याच्या व्यवस्थेवरच सहचालकाच्या कामाची सुरक्षितता अवलंबून असते.

खुल्या रस्त्यावर ठराविक सरासरी वेग राखण्याच्या टीएसडी रॅलींत सहचालकाला नॅव्हिगेटर म्हणतात. सरासरी ताशी ३६ किमी ठरली असेल, तर ९ किमी अंतर बरोबर १५ मिनिटांत कापले जावे, असा हिशेब तो सतत करीत असतो. येथे चपळ गाडीपेक्षा अचूक गणित महत्त्वाचे ठरत असल्याने नवोदित सहचालकांना या प्रकारातून सुरुवात करता येते.

मान्यता

जागतिक स्पर्धेत सहचालकांची स्वतंत्र गुणतालिका आणि स्वतंत्र विजेतेपद असते. फ्रान्सचे झां तॉद हे सहचालक म्हणून स्पर्धांत उतरले होते. पुढे २००९ ते २०२१ या काळात ते आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे अध्यक्ष होते.