पारव्याची नवी कपार

शहादा तालुक्यांतील ब्राह्मणपुरीच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. पारवा हा मूळचा अशाच कड्याकपारींचा रहिवासी. झाडाच्या फांदीवर घरटें करणें त्याच्या वळणीं नाहीं. त्याला हवा वर आडोसा आणि पायांखालीं वीतभर सपाट जागा. मनुष्यानें देवळें, वाडे, किल्ले बांधले आणि नकळत त्याच्यासाठीं गांवोगांव कडेच उभे केले. अकबराच्या दरबारीं वीस हजारांवर कबूतरें होतीं असें अबुल फझल लिहितो. तेथें तर तीं मानाचीं पाहुणींच होतीं!

२०२४ सालीं प्रधानमंत्री सूर्यघर योजना निघाली, घरोघर सौर पॅनेलें चढूं लागलीं, आणि पारव्यास आणखी एक कपार लाभली. पॅनेल तापलें कीं वीज कमी देतें. म्हणून खालून वारा खेळावा अशी पोकळी ठेवतात. नेमकी तीच घरट्यास सोयीची. पॅनेलांतील घट एकापुढें एक जोडलेले असतात. पाटांत एके ठिकाणीं गाळ सांचला म्हणजे पुढले वाफे कोरडे राहतात, तद्वत् विष्ठेनें झांकलेला एक घट साऱ्या ओळीचा प्रवाह अडवितो आणि स्वतः तापून खराब होतो.

या पक्ष्याची गांठ सौर विजेच्या माहेराशींही पडलेली आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौर घट जगापुढें मांडला. दहा वर्षांनीं त्याच संस्थेच्या होल्मडेल येथील कर्ण्यासारख्या प्रचंड एरियलमध्यें पारव्यांनीं बिऱ्हाड केलें. पेन्झियास व विल्सन या शास्त्रज्ञांच्या यंत्रांत एक अखंड खरखर उमटत होती; संशय विष्ठेवर गेला. विष्ठा खरवडून काढली, पारवे धरून दूर पाठविले. ते परत आले! शेवटीं त्यांस गोळ्या घातल्या. खरखर मात्र थांबली नाहीं. ती विश्वारंभींच्या उष्णतेचा अवशेष होती, आणि तिच्या शोधाबद्दल उभयतांस १९७८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पारवे बिचारे हकनाक गेले.

जो हाकलून जात नाहीं, त्याची कपार बुजवावी हेंच बरें. पत्रा ठोकल्यास वारा कोंडतो. कडेभोंवतीं तारेची जाळी लावावी. तत्पूर्वीं आंत डोकावून पाहणें अगत्याचें. पारवी बहुधा दोन अंडीं घालते. तीं उबविण्यास सुमारें अठरा दिवस, आणि पिलें उडण्यास पुढें महिनाभर लागतो. तोंवर थांबावें.

माणसाच्या फुप्फुसांचाही प्रश्न आहेच. २०२५ सालीं मुंबईंत कबूतरखान्यांवरून वाद पेटला तो याच कारणानें. वाळलेली विष्ठा झाडूं नये, तिची धूळ श्वासांत जाते. नाकातोंडावर मुखपट्टी बांधून विष्ठा आधीं भिजवावी, आणि कांच तापण्यापूर्वीं, सकाळींच, पॅनेल धुवावें.